अर्धा मिलिमीटर

सात वर्षांचा मुलगा, डावा हात. आईची तक्रार एवढीच, की याला तळवा वर करून प्रसाद घेता येत नाही. वडिलांच्याही गुडघ्यांजवळ हाडाच्या गाठी होत्या, तेव्हा निदान लपलं नाही: अनेक हाडांना गाठी येण्याचा हा आनुवंशिक विकार. मुलाच्या अल्नाच्या, म्हणजे कोपर ते मनगट यांमधल्या करंगळीकडच्या हाडाच्या, मनगटाकडच्या टोकाला गाठ होती. अल्नाची सुमारे ८० टक्के लांबी याच टोकाच्या ग्रोथ प्लेटमधून, म्हणजे हाड वाढवणाऱ्या कूर्चेच्या थरातून, वाढते. इथे अडथळा आला की अल्ना मागे पडते आणि शेजारची, अंगठ्याकडची रेडियस धनुष्यासारखी वाकते. अल्ना २२ मिलिमीटर आखूड होती, पण रेडियसचं डोकं कोपरात जागेवर होतं. ते निसटल्यावर बसवणं फार अवघड, म्हणून मी थांबलो नाही.

टूर्निकेट, म्हणजे रक्तप्रवाह रोखणारा पट्टा, लावून गाठ बुडापासून काढली, कूर्चेच्या टोपीसकट आणि वरच्या आवरणासकट. आवरण राहिलं तर गाठ पुन्हा येते. ग्रोथ प्लेटला धक्का लावला नाही, हाताच्या पाठीकडे जाणारी अल्नर नर्व्हची फांदी बाजूला जपली. मग फिक्सेटरच्या, म्हणजे हाडाला बाहेरून धरणाऱ्या चौकटीच्या, ३ मिलिमीटरच्या चार पिना घातल्या. अल्ना वरच्या तिसऱ्या भागात कापली: ड्रिलने ओळीत भोकं, वर सलाईनची धार, शेवटचा तुकडा ऑस्टिओटोमने, म्हणजे हाडाच्या छिन्नीने. करवत नको, उष्णतेने हाड मरतं.

सातव्या दिवसापासून ताणणं सुरू केलं: कापलेली टोकं हळूहळू दूर न्यायची, मधल्या फटीत नवं हाड भरतं. दिवसातून चार वेळा फिक्सेटरच्या रॉडला पाव फेरी, म्हणजे रोज १ मिलिमीटर. आठवड्याने एक्स-रेत ७ मिलिमीटर फट हवी होती. दिसली साडेतीन! हाड आधीच जुळलं की काय, या शंकेने पोटात गोळा आला. पिना घट्ट होत्या. शेवटी आईला समोर फेरी द्यायला सांगितली. ती बरोबर होती. रात्रीची फेरी मात्र आजोबा पलंगाच्या दुसऱ्या बाजूने द्यायचे, आणि ती उलटी पडत होती. तीन पुढे, एक मागे. रोज अर्धाच मिलिमीटर.

फट मोकळी होती, म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया लागली नाही. रॉडवर लाल नेलपॉलिशचा बाण काढला, वहीत प्रत्येक फेरीची वेळ लिहायला लावली. बोटं आखडू नयेत म्हणून ती रोज सरळ करायचा व्यायाम दिला. अल्ना पुढेही मागे पडणार, म्हणून २२ऐवजी २७ मिलिमीटर ताणली. एक्स-रेत फटीच्या चारपैकी तीन बाजूंना पक्कं हाड दिसल्यावरच फिक्सेटर काढला. वाढ थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी एक्स-रे, कोपरासकट.