नाशिकला नाटक बघायला जाताय? मग खोली नाशिक रोडला घेऊ नका

एकट्याने नाटकासाठी नाशिकला जाणार असाल तर नाशिक रोड स्टेशनजवळ राहू नका, मग खोली कितीही स्वस्त मिळो. मला ॲपवर 'शहराच्या मध्यभागी, सगळं चालत' असं दाखवलं होतं. तिथून शहराचा खरा मध्य, म्हणजे शालिमार, नऊ-दहा किलोमीटर आहे. नाट्यगृहं, सीबीएस (जुना मध्यवर्ती बस स्टँड), मेनरोड, पंचवटी, सगळं त्या टोकाला.

शनिवारी पहाटे मनात आलं आणि ठाण्याहून तपोवन एक्सप्रेस पकडली. गाडी छान, कसाऱ्याचा घाट छान, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते लॉजबद्दल. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "एकट्या लेडीजला आम्ही रूम देत नाही." बुकिंग झालेलं, पैसे भरलेले, आधार कार्ड समोर. अर्धा तास फोनाफोनी झाल्यावर खोली दिली, तीही 500 रुपये 'डिपॉझिट' घेऊन आणि पावती न देता. सज्ञान बाईने ओळखपत्र दाखवून एकटीने खोली घेण्यात बेकायदा काहीही नाही. तरी बायांनो, पैसे भरण्याआधी लॉजवर फोन करा आणि "एकटी येतेय, चालेल ना?" असं स्पष्ट विचारा. उत्तर देताना अडखळले तर दुसरी जागा बघा.

दिवसा तिकडून शहरात येणं सोपं आहे. सिटीलिंकची (शहर बससेवेची) बस आहे, सीटवर जाणाऱ्या, म्हणजे शेअर रिक्षा आहेत. बिटको, उपनगर, द्वारका, सारडा सर्कल, शालिमार असा रस्ता. द्वारकेला संध्याकाळी गाड्या अशा तुंबतात की सातच्या नाटकासाठी साडेपाचला निघालात तरी जीव टांगणीला लागतो. म्हणून एकदा शहरात आलात की नाटक संपेपर्यंत परत फिरू नका. रिक्षात बसण्याआधी 'सीट' म्हणा. नुसतं "शालिमार?" विचारून बसलात की ती 'स्पेशल', म्हणजे अख्खी तुमच्यासाठी, धरली जाते, आणि उतरताना भांडण.

पांडवलेणी, काळाराम मंदिर, रामकुंड दुपारपर्यंत आरामात होतं. पायऱ्या चढायची सवय हवी, एवढंच. परतताना कोंडाजीचा चिवडा घ्या.

आता नाटक. मी गेले होते हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्राच्या प्राथमिक फेरीला, परशुराम साईखेडकर नाट्यगृहात. 1840 साली सुरू झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचं हे नाट्यगृह. नाशिककर वाचनालयाला 'सावाना' म्हणतात. तिकीट अगदी नाममात्र, ऐन वेळी खिडकीवर मिळतं. हौशी म्हणजे कच्चं, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. साफ चूक आहे ते.

नाटक नवं होतं, कांद्याच्या लिलावावरचं, संच जिल्ह्यातलाच. दुसऱ्या अंकात बाप बाजार समितीतून घरी येतो आणि पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद, वाचायला लागतो. वजन, भाव, मग हमाली, तोलाई, गाडीभाडं. एकेक ओळ वाचतो आणि थांबतो. शेवटचा आकडा तो वाचतच नाही, कागद पोरीच्या हातात देतो. पार्श्वसंगीत नाही, प्रकाशात बदल नाही. माझ्या मागे बसलेले आजोबा शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "आमची गेल्या आठवड्यातली अशीच आली." त्यानंतर पडदा पडेपर्यंत माझ्या रांगेत कोणी मोबाईल काढला नाही. व्यावसायिक नाटकाला याच्या कितीतरी पट पैसे मोजून मी इतकी हललेली नाही. हे शिरवाडकर आणि कानेटकरांचं गाव आहे, आणि इथल्या हौशी पोरांना बोलीतलं वाक्य कुठे सोडायचं ते कळतं.

मधल्या रांगेत छोटे दिवे लावून परीक्षक बसलेले असतात, त्यांच्या लगेच मागची जागा घ्या. तिथून आवाज सर्वांत नीट येतो. तिसऱ्या घंटेआधी आत बसा. प्रयोगानंतर पाच मिनिटं थांबा, रंग पुसायच्या आधीच कलाकार बाहेर येतात, त्यांच्याशी बोला. माझ्याशी 'पोरगी' झालेली मुलगी बोलली, दिवसा ती कॉलेजात असते, तालमी रात्री.

आणि मग बाहेर आले तो दहा वाजलेले. तेवढ्या उशिरा सिटीलिंकच्या भरवशावर राहू नका. सीटची रिक्षा मिळेना. स्पेशलवाल्याने 500 मागितले, दुसऱ्याने आधी 350 सांगितले आणि द्वारका ओलांडल्यावर "रात्रीचे शंभर वर" म्हणाला. अंधाऱ्या रस्त्यावर एकट्या प्रवाशाकडून असे पैसे काढणं ही लूट आहे. मी मोठ्याने बोलले, नंबर टिपला, 350 च दिले. पण प्रत्येकीला त्या वेळी हे जमेलच असं नाही आणि जमायला लागूही नये.

म्हणून पुन्हा जाईन ती एसटीने. ठाण्यात खोपटला बस मिळते, बायकांना अर्धं तिकीट, आणि गाडी शहरातच उतरवते. खोली सीबीएस ते शालिमार याच पट्ट्यात घेईन, दोनशे-तीनशे जास्त गेले तरी. ते रिक्षातच वाचतात. कालिदास कलामंदिरही तिथेच जवळ आहे. व्यावसायिक नाटक बघायचं असेल तर दुपारचा प्रयोग घ्या, रात्री साडेनऊचा नको, तो सुटेपर्यंत मध्यरात्र होते.

स्पर्धेची फेरी बहुतेक हिवाळ्यात असते आणि रोज वेगळं नाटक. वेळापत्रक स्थानिक पेपरात येतं. रविवारी रात्रीपर्यंत राहता आलं तर दोन नाटकं होतील. थंडी बोचरी असते, स्वेटर न्या.