किती?

आज सकाळी आईचा फोन आला आणि तिने "किती?" विचारलं नाही. डोळ्यांचे थेंब संपले, दादा रविवारी येणार, तिकडे रात्रभर पाऊस होता, एवढं बोलून ठेवला. मी फोन हातात धरून तशीच बसले.

एकोणीस वर्षं माझा दिवस या एका शब्दाने सुरू होतोय. अकराव्या वर्षी टाइप १ मधुमेहाचं निदान झालं तेव्हापासून. उठलीस का, झोप लागली का, काही नाही. थेट "किती?" म्हणजे रक्तातली साखर किती. ९० सांगितलं की तिचा आवाज मोकळा. २४० सांगितलं की लगेच, "काल काय खाल्लंस?" गेल्या आठवड्यात मला सहन झालं नाही. म्हटलं, आई, मी म्हणजे नुसता आकडा नाही गं. एकदा तरी विचार, कशी आहेस. ती गप्प झाली. आज तिने माझं ऐकलं, तर मला रडू का यावं?

रात्रीचंच असेल. तीन वाजून दहा मिनिटांनी जाग आली ती घामाने. उशी ओली, जीभ जड, हात थरथरतोय. साखर मोजत राहणारा सेन्सर महिनाभर लावलेला नाही, त्याबद्दल आज नको. अंधारातच डबी उघडली, बोट टोचलं, पहिला थेंब पुसला, दुसरा पट्टीला लावला. ५१. सत्तरच्या खाली गेलं की १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटं थांबायचं, परत तपासायचं. नियम पाठ आहे. पण ती पंधरा मिनिटं! सगळं अंग साखर मागत असतं आणि आपण घड्याळाकडे बघत बसायचं. नाही जमलं. ग्लुकोजचा डबा अर्धा संपवला. सकाळी २६८.

रात्री साखर का उतरली ते मला माहीत आहे. पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीपासून चार बोटांवर एक गाठ आहे. दिसत नाही, बोट फिरवलं की लागते, रबरासारखी. तिथे दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षं तिथेच टोचत आले. अशा गाठीतून इन्शुलिन नीट शोषलं जात नाही, मग मी डोस वाढवत गेले. काल अखेर जागा बदलली, बेसलचा, म्हणजे दिवसरात्र हळूहळू काम करणाऱ्या इन्शुलिनचा डोस मात्र तोच ठेवला. चांगल्या जागेत तो पुरेपूर लागू पडला. नीट वागायचं ठरवलं त्याच रात्री हे व्हावं! बाकीच्यांचं स्वादुपिंड हे सगळं झोपेत करतं, त्यांना पत्ताही नसतो. इन्शुलिन बनवणाऱ्या माझ्या बीटा पेशी माझ्याच शरीराने मारल्या आणि त्यांचं काम माझ्यावर टाकलं. एका दिवसाची रजा नाही. आणि त्या पंधरा मिनिटांत, अंधारात, मला कुणीतरी "किती?" विचारायला हवं होतं.

अशा वेळी मला नेहमी टोरांटोचा तो मुलगा आठवतो. लेनर्ड थॉम्पसन, वय चौदा. ११ जानेवारी १९२२ला त्याला इन्शुलिनचं इंजेक्शन दिलं. ते फारसं लागू पडलं नाही. बारा दिवसांनी जास्त शुद्ध केलेलं दिलं तेव्हा साखर उतरली, आणि पुढे तो तेरा वर्षं जगला. काल मात्र त्याच्याऐवजी त्याच्या आधीच्या, इन्शुलिन नव्हतं तेव्हाच्या मुलांच्या आया डोळ्यांसमोर आल्या. मुलाला जवळजवळ उपाशी ठेवून त्याचे दिवस वाढवायचे, एवढंच त्यांच्या हातात. त्यांनी काय विचारायचं? बोटाच्या थेंबावर घरच्या घरी साखर कळायला तर पुढे साठेक वर्षं गेली.

माझ्या आईला विचारण्यासारखं काहीतरी होतं, ते तिने घट्ट धरून ठेवलं. पहिल्या दिवशी नर्ससमोर मला सुई देताना तिचा हात कालच्या माझ्या हातासारखाच थरथरत होता. मी तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकत दुसरीकडे बघत होते.

आणि तिने "कशी आहेस" विचारलंच असतं, तर मी काय सांगणार होते? "बरी आहे." या प्रश्नाला मी सगळ्यांनाच हे उत्तर देते. "किती?"ला तसं करता येत नाही. कॉलेजात असताना मी तिला खोटे आकडे सांगायचे, तेही तिला आवाजावरून कळायचं. ती पुढे काही बोलायची नाही, पण रात्री परत फोन करायची.

संध्याकाळी मीच फोन लावला. तिने उचलला, दोन्हीकडे शांतता. मी म्हटलं, "एकशे अठरा."

तिने श्वास सोडलेला मला इथपर्यंत ऐकू आला. "हं," म्हणाली, आणि मग दादाच्या रविवारचं परत पहिल्यापासून सांगायला लागली. मी सगळं ऐकलं.

रात्रीचे एक्कावन्न अजून सांगितले नाहीत. उद्या तिने विचारलं तर सांगेन.