बोटीला भोक
दिवसभर बामणोलीत होतो. दाजींची शिडाची बोट शिवसागर जलाशयाच्या काठावर ओढून ठेवलीय, तिच्या नाकात बो थ्रस्टर बसवायचाय. म्हणजे पाण्याच्या रेषेखाली आडवी नळी आणि आत पंखा. धक्क्याला लागताना वारा आला तरी नाक हवं तिकडे ढकलता येतं. पण धडधाकट बोटीला आपल्याच हातानं आरपार भोक पाडायचं! नळी फार वर राहिली तर पंखा हवा ओढतो, म्हणून माप तीनदा घेतलं.

मोटर १२ व्होल्टचीच, पण करंट २०० अँपिअरच्या वर. त्यामुळे केबल अंगठ्याएवढी जाड. साताऱ्यातल्या दुकानदारानं विचारलं, "वेल्डिंग मशीनला का?" हो म्हणालो, समजावत कोण बसणार!

नळी चिकटवायला लावलेलं रेझिन वाळायची वाट बघत दाजी पुटपुटले, "एवढ्यात दोन वल्ही आली असती, पाव्हणं."