दिल्ली ते लेह : सव्वा तासात तीन हजार मीटर वर

मुंबईहून रात्रीच्या विमानानं दिल्ली आणि तिथून पहाटे लेह, असा आमचा बेत होता. घरातली ज्येष्ठ मंडळी सोबत होती, म्हणून रस्त्याचा विचार सोडला. दिल्ली-लेह हवाई अंतर सुमारे 620 किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या निम्म्याहून थोडं जास्त. विमान जवळजवळ नाकासमोर उत्तरेला जातं. हवेत साधारण सव्वा तास; तिकिटावरची वेळ धावपट्टीपर्यंतची ये-जा धरून थोडी जास्त असते.

खिडकी डावीकडची घ्या. आकाश स्वच्छ असेल तर नून-कूनची जोडशिखरं दिसतात. उतरताना विमान सिंधूच्या खोऱ्यात शिरतं, दोन्ही बाजूंना उघडे तपकिरी डोंगर येतात आणि धावपट्टीच्या तोंडाशीच टेकडीवर स्पितुक गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, दिसतो. एवढं देखणं उतरणं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

या प्रवासात खरा हिशेब उंचीचा. दिल्लीचा विमानतळ सव्वादोनशे-अडीचशे मीटरवर, लेहचा 3,256 मीटरवर. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. पहिल्या दिवशी अनेकांना छान वाटतं आणि तिथंच फसगत होते. डोकेदुखी, मळमळ बहुतेक वेळा काही तासांनी किंवा रात्री सुरू होते. त्यामुळे पहिले 48 तास लेहमध्येच काढा. खारदुंग ला ही खिंड, पँगाँग तलाव ही आणखी उंचावरची ठिकाणं त्यानंतर. बॅगा स्वतः उचलू नका, पाणी पीत राहा, दारू टाळा. रक्तदाब, हृदय किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला. उंचीच्या त्रासावरची गोळीही त्यांना विचारूनच घ्या. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला, तर हॉटेलात वाट पाहू नका. थेट सोनम नोरबू रुग्णालय गाठा.

हाताशी वेळ असेल तर मी उलटा मार्ग सुचवेन : जाताना श्रीनगर-कारगिल रस्त्यानं, कारगिलला मुक्काम करून जा आणि येताना विमानानं या. रस्ता सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, दोन दिवस लागतात, पण उंची टप्प्याटप्प्यानं वाढते.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. निदान एकाकडे तरी पोस्टपेड हवं. विमानतळ हवाई दलाचा आहे, खाली उतरल्यावर फोटो काढू नका. परतीच्या दिवशी दोन-अडीच तास आधी पोहोचा, तपासणी कडक असते.

आणि परतीचं विमान सकाळचंच घ्या. दुपारी वारा वाढतो, विरळ हवा तापून आणखी विरळ होते आणि उड्डाण अवघड होतं, म्हणून बहुतेक उड्डाणं सकाळीच असतात. हवा बिघडली तर ती रद्दही होतात. दिल्लीहून त्याच दुपारचं मुंबईचं वेगळं तिकीट काढू नका. एक दिवस मोकळा ठेवा, नाहीतर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या.