गोधडीतली टोपी

रात्रीचे नऊ वाजलेत. परवा शनिवारी इतिहासाचे प्रकल्प द्यायचेत, सगळ्या फायली बाइंडिंग होऊन टेबलावर आहेत, तपासून पण झाल्यात. तरी त्यातल्या एका पोरीची फाईल मी तिसऱ्यांदा उघडून बसलेय.

गोष्ट एवढीशीच आहे. दिवाळीनंतर तिनं कच्चं लिखाण आणलं होतं, विषय १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ, आणि त्यात मधेच एक परिच्छेद होता की डोक्यावर गांधी टोपी दिसली की धरतात म्हणून अव्वाच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, सासूनं नवऱ्याची टोपी घडी करून गोधडीच्या दोन थरांमधे घालून वरून टाके मारले, आणि पुढं कितीतरी वर्षं घरात लेकरू आजारी पडलं की तीच गोधडी काढायचे. मी बाजूला लाल पेननं लिहिलं, 'आधार?' बास. आज बघतेय तर तो परिच्छेदच नाही. त्या जागी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा फोटो, नेटवरून काढलेला, अख्खं पानभर.

तिनं एका शब्दानं विचारलं नाही. वाद घातला असता, रुसली असती तरी चाललं असतं. गुपचूप काढून टाकलं.

बाकी सगळं बरोबर आहे हो. गांधीजींना अटक झाल्यावर शहर कसं पेटलं, ८ मेला रूपाभवानीच्या देवळापाशी शिंदीची झाडं तोडली तेव्हाचा गोळीबार, त्यात गेलेला शंकर शिवदारे, मग पोलीसच शहर सोडून गेले ते दिवस, १२ मेला मार्शल लॉ, तो थेट ३० जूनपर्यंत. आणि १२ जानेवारी १९३१, येरवड्याची फाशी, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. एक तारीख चुकलेली नाही, पोरगी दोन रविवार हिराचंद नेमचंद वाचनालयात बसली होती त्यासाठी. पण हेच सगळं उरलेल्या पाच फायलींमधे पण आहे. टोपी फक्त हिच्याकडे होती.

मी असं का लिहिलं ते मला माहितीय. मागच्या वर्षी आपल्या एका पोराला परीक्षकांनी भर स्टेजवर विचारलं, हे कशावरून? तो तक्त्याचा कोपरा दुमडत उभा राहिला, दुमडायचा, सरळ करायचा, परत दुमडायचा. या वर्षी त्यानं नावच दिलं नाही. तेव्हापासून मी उठता बसता आधार आधार करते. आणि वर्गात तीन बोटं दाखवून पाठ करून घेते, भौतिक साधनं, लिखित साधनं, मौखिक साधनं. तिसरं बोट समोर चालत आलं तर मीच त्यावर लाल रेघ मारली.

दोन महिन्यांचे रविवार गेले यात. घरी कुणी काही बोलत नाही पण बोलत नाहीत हेच... जाऊ दे. शाळेत पण इतिहासाला काय लागतंय, कापा आणि चिकटवा, असं ऐकून घेतलंच की. कुणासाठी करतेय मी हे, असं आज फार वाटलं. आणि ज्यांच्यासाठी करतेय त्यातल्या एकीला मी शिकवलं काय, तर घरातलं सांगू नको.

साडेनऊ. फोन केला तिला. उचलल्या उचलल्या म्हणाली, "मॅडम, काय चुकलं का?"

नाही गं बाळा, चुकलं माझं, म्हटलं. ती गप्पच झाली. मग विचारलं गोधडी आहे का अजून, तर म्हणाली अव्वा या घरात नांदायला आली तेव्हाच तिच्या चिंध्या झालेल्या होत्या, टोपी पण अव्वानं बघितली नाही, नुसतं सासूच्या तोंडून ऐकलंय. म्हणजे हातात काही नाही. नसू दे. तेच लिहायचं, म्हटलं, कुणी सांगितलं, त्यांनी कुणाकडून ऐकलं, तू कधी विचारलंस, कुठल्या भाषेत, आणि वस्तू आज नाही हे पण लिही. परीक्षक विचारतील, विचारू देत, मी खाली पहिल्या रांगेत बसणारे. कापले गुण तर कापले.

"पण मॅडम पानं वीसच पाहिजेत."

फोटोचं पान काढ म्हटलं. ते पुतळे अख्ख्या सोलापूरनं बघितलेत. बाइंडिंग उद्या मी परत करून आणते, तू फक्त ती जुनी वही घेऊन ये, फाडली नाहीस ना?

फाडली नव्हती.

मागून अव्वाचा आवाज येत होता, तेलुगूत, मोठ्यानं, काहीतरी परत परत सांगत होती. मी विचारलं काय म्हणतायत. पोरीनं फोन बाजूला धरून ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मॅडम, अव्वा म्हणतीय माझं नाव कशाला, सासूचं घाला म्हणावं. तिचं नाव कुठंच कुणी लिहिलं नाही."