लाल कोटवाला आणि माझी फाईल

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

पोरगं झोपलं, गेम माझ्या हातात राहिला. एस अटर्नी. जपानच्या कॅपकॉमने २००१ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी काढलेला कोर्टाचा गेम. आपण बचावाचा वकील फीनिक्स राइट, समोर सरकारी वकील माइल्स एजवर्थ. गर्द लाल कोट, गळ्याशी पांढरी झालर आणि बोट हलवत समोरच्याला गप्प करायची खोड. परवा पोरगा म्हणाला, "बाबा, तू ऑफिसच्या फोनवर अस्संच बोट हलवतोस."

खटला तीन दिवसांत निकाली. (आपल्याकडे तेवढ्यात समन्स बजावलं गेलं तरी मिळवलं.) एजवर्थचा हिशेब सरळ आहे: निर्दोष कोण हे कळायला मार्ग नाही, मग समोर येईल त्या प्रत्येक आरोपीला दोषी ठरवायचं. दुसऱ्याच केसमध्ये ऐन सुनावणीत पोस्टमॉर्टेमचा सुधारित अहवाल काढून बचावाची हवा काढतो. पुढे त्याच्या वडिलांचं प्रकरण येतं. भूकंपात बंद पडलेली लिफ्ट, नऊ वर्षांचा हा, वडिलांचा खून, आणि ज्याने याला वकील म्हणून घडवलं तोच खुनी. मला ते जरा फोडणी जास्त झाल्यासारखं वाटलं.

माझ्या डोक्यात बसलंय ते त्याआधीचं, तिसऱ्या केसमधलं. साक्षीदार बाई निघायच्या बेतात, फीनिक्सकडे विचारायला काही उरलेलं नाही. आणि "ऑब्जेक्शन!" एजवर्थचं. बाईंनी पुन्हा साक्ष द्यावी म्हणतो. गप्प बसला असता तर केस त्याच्या खिशात होती. तो काही दयाळू झालेला नाही, चेहरा आंबटच आहे. पण मनात एक प्रश्न उरलाय आणि तो तसाच ठेवून त्याला जिंकता येत नाही.

इथे मी गेम बंद केला.

कारण बॅगेत ती फाईल आहे. विभागीय चौकशीत मी सादरकर्ता अधिकारी, म्हणजे खात्याच्या बाजूने आरोप मांडणारा. याआधीच्या चारही चौकशांत आरोप सिद्ध, साहेब खूश. या वेळी अपचारी (ज्याच्यावर आरोप आहे तो) एक लिपिक, अकरा दिवस विनापरवानगी गैरहजर. रजेचा अर्ज दिला होता म्हणतो, पोच दाखवता येत नाही. त्याचे बचाव सहायक म्हणजे निवृत्त गृहस्थ, कानाने अधू, कागद मागायचे असतात हेही त्यांना सांगावं लागतं.

शुक्रवारी दुसराच एक जावक क्रमांक शोधताना चुकून आवक रजिस्टर उघडलं. त्याच्या गैरहजेरीच्या दुसऱ्या दिवशीची नोंद: 'किरकोळ रजा अर्ज', पुढे त्याचं नाव. निळ्या शाईत, शिक्क्याने अर्धं झाकलेलं. अर्ज आला होता, पुढे टेबलावर कुठेतरी गडप झाला. साहेबांना दाखवलं. म्हणाले, "रजिस्टर आपल्या कागदपत्रांच्या यादीत आहे का? नाही ना? मग?"

मी "हो सर" म्हणालो. बोट हलवायला तिथे जमलं नाही.

दोन दिवस स्वतःला समजावतोय की बचावाचं काम बचावाने करावं. यादी मीच टाईप केली होती, एक ते सात.

आत्ता लॅपटॉप उघडलाय. आठवा क्रमांक टाकला: आवक नोंदवही, संबंधित पानाची साक्षांकित प्रत. प्रिंट उद्या सकाळी, साहेब यायच्या आत.