तेरेसा, जनी आणि आमचं किचन

आज ब्रेडची कणीक फुगेस्तोवर अमेरिकन लेखिका कॅरल फ्लिंडर्सबद्दल वाचत बसले, काय बाई आहे! बर्कली विद्यापीठाची पीएचडी, आणि १९७६ ला मैत्रिणींसोबत 'लॉरेल्स किचन' हे शाकाहारी कुकबुक, त्यात डाळी-कडधान्यांचं पोषण अमेरिकनांना नीट समजावलेलं (आपण आमटी-भात ओरपताना कुठे हिशोब करतो!). ध्यानातले गुरू मात्र केरळचे, एकनाथ ईश्वरन. मग १९९३ ला सात ख्रिस्ती संत स्त्रियांवर पुस्तक, त्यातली अविलाची तेरेसा म्हणायची की देव भांड्याकुंड्यांतही असतो, म्हटलं ही तर आपल्या जनाबाईची सख्खी मैत्रीण. लोकांना स्वयंपाक आणि संत ही तिची दोन वेगळी करिअर्स वाटतात, मला नाही वाटत. लेकीला सांगितलं तर म्हणते, मग आज भांडी तूच घास, देव भेटेल 😄